घोड्याच्या कपाळावरचा पत्रा

खंडोजीअण्णा मला पहिल्यांदा भेटले तेव्हा बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडवरचे झाडून सगळे कावळे उडाले आणि म्हैसूर येईपर्यंत खाली उतरले नाहीत. तीन बसगाड्या वेळेआधी सुटल्या. शेजारच्या बेकरीत फुगत आलेला पाव बसला. पलीकडे छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं आभाळात ढग नसताना एक छत्री उघडून डोक्यावर धरली. एवढं सगळं अण्णांच्या एका प्रश्नानं झालं. प्रश्न होता, "हे कुणी चिकटवलं?"

'हे' म्हणजे आमच्या नव्या घरावरची पाटी, जी मी स्टँडसमोरच्या त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आणली होती. १९५८ साली आम्ही जयनगरात घर बांधलं. तिथं तेव्हा घरं कमी आणि माळ जास्त होता, त्यामुळे येणाऱ्याला घर सापडावं म्हणून मी वडिलांचं नाव, 'भीमाचार्य', पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरून घेतलं आणि तो पत्रा सागवानी फळीवर स्वतःच्या हातानं चिकटवला. एप्रिलात पत्रा मध्येच फुगला. मेमध्ये कडा सुटल्या. जूनमध्ये पोस्टमननं वडिलांचं नाव इतर टपालाबरोबर माझ्या हातात आणून दिलं.

"मीच चिकटवलं," मी म्हणालो.

"कशानं?"

"भाताच्या खळीनं. घरीच केली होती. चांगली घट्ट."

दुसरी डरकाळी आली. या वेळी उडायला कावळे उरले नव्हते.

"भाताच्या खळीनं पतंग चिकटवतात, आचार्रे! पितळ भात खातं का? त्या खळीतल्या पाण्यानं जायचं कुठं? पत्रा पाणी पीत नाही. लाकूड पितं ते स्वल्प, कडेकडेचं. मधलं पाणी कोंडून बसलं. हे बघा, पितळ हिरवं झालंय. वर ऊन पडलं. उन्हात पत्रा वाढला, लाकूड वाढलं नाही. मग कुणी कुणाला सोडायचं?" त्यांनी पत्रा उलटा करून माझ्या नाकाशी धरला. "आणि हा कुणाचा अंगठा? तेलाचा! जेवून उठलात आणि चिकटवायला बसलात होय?"

मी आठवून पाहिलं. त्या दिवशी जेवणात चटणीपुडी आणि तेल होतं. मी खाली मान घातली. काम होईल का, किती दिवस लागतील, असं काहीतरी पुटपुटलो.

"मी नाही चिकटवणार. तुम्हीच चिकटवायचं. इथं बसून. माझ्यासमोर."

लागोपाठ तीन शनिवार मी त्यांच्या दुकानात बसून एक पत्रा घासला. ती पाटी आजही भिंतीवर आहे. घराला तडे गेले, पाटीला नाही.

अण्णांना राग येत असे असं म्हणणं बरोबर नाही. आपण जसे जयनगरात किंवा मल्लेश्वरात राहतो तसे ते रागात राहत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळुरात आले, आणि फौज परत गेली तेव्हा हे कशावरून तरी रुसून मागं राहिले असावेत, असा माझा अंदाज आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत अण्णा एका मोठ्या कारखान्यात कामाला होते. पातळ पत्रा लाकडाला, कापडाला, काचेला कसा धरवायचा हे तिथल्या एका गोऱ्या फोरमननं त्यांना शिकवलं. शिकवून संपलं त्या दिवशी अण्णांनी त्याचीच चूक काढली, ती खरी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा शिवाजीनगरात दुकान टाकून बसले होते.

त्यांच्या पत्नी सकवारबाई. अण्णा अर्धा तास गरजले की त्या दाराशी येऊन एकच कानडी शब्द बोलत, "सरी," म्हणजे बरं. मग थोडं थांबून, "आता जेवा." आणि अण्णा जेवत. संतापानं जेवत, पण जेवत.

आता घोड्याकडे वळतो.

त्यांच्या आळीत भवानीचं एक लहानसं देऊळ आहे. दसऱ्याला देवी तिथून लाकडी घोड्यावर बसून सीमोल्लंघनाला निघते. घोडा फणसाच्या लाकडाचा, पुरुषभर उंच, अण्णांच्या पणजोबांनी घडवलेला. घोड्याला पत्रा चढवायचं काम त्यांच्याच घराकडे होतं, आणि हे काम ज्याच्याकडे त्यानं मिरवणुकीत लगाम धरून घोड्याच्या पुढं चालायचं, असा तिथला मान. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस अण्णा डाग पडलेल्या बंडीत असत. त्या एका दिवशी ते जरीचा फेटा बांधत, डाव्या हातात लगाम धरत आणि पाऊण मैल कुणावरही ओरडत नसत. सकवारबाई म्हणत, "या एका दिवसाच्या जोरावर मी संसार ओढते."

१९६२ साली देवळाच्या कमिटीनं घोड्याचा जुना पितळी पत्रा काढून चांदीचा चढवायचं ठरवलं. जुन्या पत्र्याचे खिळे वर आले होते. ते खांदेकऱ्यांची धोतरं फाडत, आणि एका वर्षी तर देवीचं पातळही फाटलं होतं. लोकांनी घरातल्या जुन्या तोरड्या, मोडकी निरांजनं आणून दिली. ती वितळवून पत्रा काढला तर तो कढीपत्त्याच्या पानाइतका जाड निघाला.

कमिटीचे अध्यक्ष रघुजीराव. अबकारी खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले, पोट पुढं आणि बोलणं त्याच्याही पुढं. त्यांच्या शेजारी विठोजी बसला होता. विठोजी अण्णांचा चुलतभाऊ, ट्रंका बनवायचा, आणि जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला खिळ्यानं जोडता येते असं मानायचा.

"खिळे मारू," विठोजी म्हणाला. "बारीक मारू."

"मार!" अण्णा गरजले. "या पत्र्याला खिळा मारलास तर भोक पडेल. चालताना घोडा हलेल, भोक फाटेल. पुढच्या दसऱ्याला घोड्याला कांजिण्या आल्यासारख्या दिसतील. ट्रंका कर तू, ट्रंका!"

"मग काय करणार तुम्ही अण्णा? डिंकानं चिकटवणार?" रघुजीराव हसले. कमिटीही हसली, कारण ते हसले होते.

"चिकटवणार. एक खिळा लावणार नाही."

"सरस नाही हं चालायचा. जनावराच्या कातड्याचा असतो तो. देवीचा घोडा आहे."

"रघुजीराव, माझ्या पणजोबांनी घोडा केला तेव्हा तुमचे पणजोबा घोड्याला घाबरत होते. मला शिकवू नका."

रघुजीरावांचं हसू मावळलं. त्यांनी तिथल्या तिथं लिहून घेतलं की मिरवणुकीत एक जरी पत्रा सुटला तरी पुढच्या वर्षापासून लगाम विठोजीकडे जाईल. अण्णांनी तो कागद न वाचता सही केली. सही करताना टाकाचं टोक मोडलं.

मार्चपासून अण्णांच्या गच्चीवर आणि न्हाणीघराच्या भिंतीवर फणसाचे छत्तीस तुकडे लटकू लागले. प्रत्येकावर चांदीच्या उरलेल्या पत्र्याचा एकेक चौकोन, प्रत्येकाला वेगळा चीक. गच्चीवर ऊन, न्हाणीत ओल. अण्णा दर रविवारी चिमट्यानं प्रत्येक चौकोनाचा कोपरा उचलून पाहायचे, आणि माझं अक्षर बरं म्हणून मी वहीत लिहायचो.

"ओढून बघायचं नाही अण्णा? जोरात?" मी विचारलं.

"आचार्रे, पातळ पत्र्याला सरळ ओढून कोण सोडवतंय? तो कोपऱ्यातून सुटतो, केळीच्या सालीसारखा. कोपरा टिकला की सगळं टिकलं."

चिंचोक्याची खळ पहिल्या पंधरवड्यात गेली. कडेला घट्ट, मध्ये ओली, माझ्या पाटीसारखीच. राळ आणि मेण गच्चीवर वितळून चौकोन घसरत खाली आला. लाख न्हाणीत टिकली पण उन्हात मऊ पडली, आणि सावलीत आणून बोटानं टिचकी मारल्यावर काचेसारखी तडकली. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलेला तुकडा सहा आठवडे टिकला. आता हाच, असं मी वहीत लिहिणार तेवढ्यात अण्णांनी वही हिसकावली.

"डोळे आहेत का? कडेनं चांदी काळी पडत्येय! रबरात गंधक असतं. देवी काय कोळशाच्या घोड्यावर बसणार?"

शेवटी उरला दोन डब्यांचा एक नवा चीक. तो अॅव्हेन्यू रोडवरच्या एका व्यापाऱ्यानं मुंबईहून मागवून दिला होता. एका डब्यात मधासारखा घट्ट चीक, दुसऱ्यात घाणेरड्या वासाचं औषध. दोन्ही मापानं कालवली की आपोआप दगड होतो. त्यात पाणी नाही, त्यामुळे कोंडायला काही नाही. पण निव्वळ त्यानंच चिकटवला तर पातळ कोपरा टणक होऊन उडायचा. अण्णांनी मध्ये जुन्या मलमलीचा एक थर घातला. चीक मलमलीत सारखा बसला. मग अण्णांनी चिमट्यानं कोपरा ओढला तर चांदीच फाटली, जोड सुटला नाही. त्या रविवारी मी त्यांना हसताना पाहिलं असं मला वाटतं. सकवारबाई म्हणतात, ऊन डोळ्यांवर आलं होतं.

"याची एकच खोड," अण्णा म्हणाले. "याला तेल चालत नाही. पत्र्याला बोटाचं तेल लागलं तरी हा रुसतो. माझ्यासारखा आहे."

आणि नेमकं त्याच वेळी कमिटीनं चांदीच्या पत्र्यांची पूजा केली.

पूजा म्हणजे साधी नव्हे. आळीतल्या सव्वाशे घरांतल्या प्रत्येकानं येऊन पत्र्याला हळदकुंकू वाहिलं, समईच्या तेलाचं बोट लावलं आणि पुण्य सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून पत्र्यावरून हात फिरवला. पुढूनही आणि मागूनही. दोन दिवसांनी पत्रे अण्णांच्या दुकानी आले तेव्हा ते भज्यांच्या घाण्यासारखे चमकत होते.

अण्णांचा त्या दिवसाचा राग शब्दांत सांगता येणार नाही. मी तिथं होतो. त्यांनी एका पत्र्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाण्याचे गोल गोल थेंब झाले आणि पारा सांडावा तसे घरंगळले.

"थेंब," अण्णा हळूच म्हणाले. मग देऊळ ऐकेल अशा आवाजात, "थेंब! स्वच्छ पत्र्यावर पाणी पसरतं, थेंब झाला म्हणजे तेल! सव्वाशे घरांचं तेल! यांना काय घोडा तळायचाय?"

रघुजीराव धावत आले. अण्णांच्या हातात राखेचं टोपलं होतं.

"हे काय करताय? प्रसादाचे पत्रे आहेत. हळदकुंकू पुसायचं नाही."

"पुसलं नाही तर चिकटणार नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. देवीचं पुसलं तर आळीवर संकट येईल."

"आलंय! धोतर नेसून समोर उभं आहे!"

"सरी," दारातून आवाज आला. सकवारबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी रघुजीरावांकडं न बघता त्यांच्या पत्नीकडं, गोजराबाईंकडं पाहिलं. त्या नवऱ्याच्या मागं उभ्या होत्या.

"गोजराअक्का, तुमच्या लेकीला हळद लागली तेव्हा पुढं काय केलंत? तशीच पिवळी मांडवात उभी केलीत?"

"अय्यो, असं कसं? न्हाऊ घातलं की."

"मग यांनाही न्हाऊ घालू या."

दुसऱ्या दिवशी आळीतल्या चौदा बायका नळाशी पाट मांडून बसल्या आणि रिठा, राख, गरम पाणी घेऊन चांदीच्या पत्र्यांना गाणी म्हणत आंघोळ घालू लागल्या. अण्णा मध्ये उभे. प्रत्येक पत्र्यावर पाणी ओतून बघायचे आणि ओरडायचे, "थेंब! पुन्हा!" गोजराबाईंचा एक पत्रा पाच वेळा परत आला. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला एवढं घासलं नव्हतं." अण्णा म्हणाले, "म्हणून सासूशी पटत नाही तिचं." बायका हसल्या. अण्णांना ते कळलं नाही, ते पुढच्या पत्र्याकडं गेले होते.

चिकटवायला नऊ दिवस लागले. पत्र्याची आतली बाजू घासून खरखरीत करायची, धुवायची, पाणी पसरलं की वाळवायची, मग कडेला धरूनच उचलायची. चीक, मलमल, चीक, पत्रा. वर कागद आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबा ताणून गुंडाळायच्या, म्हणजे वळणावरही दाब सारखा बसतो. घोडा नऊ दिवस ट्यूबांच्या पट्ट्यांत असा उभा होता की मोठ्या अपघातातून वाचलाय असं वाटावं.

सगळ्यात शेवटी कपाळाचा पत्रा. तोही आतून घासून नळाशी धुतला होता, अण्णांनी पाणी ओतून पाहिला होता. पण कमिटीनं तो एक शेवटच्या दिवसापर्यंत देवीच्या पायाशी ठेवायला मागितला होता. शेवटच्या दिवशी पुजाऱ्यानं तो नव्या वस्त्रात गुंडाळून आणून दिला. अण्णांनी पत्रा स्वतःच्या कपाळाला लावला, तांब्या उचलला, आणि खाली ठेवला.

"पाणी नाही ओतायचं?" मी विचारलं.

"देवीच्या पायाशी होता, आचार्रे," ते म्हणाले. एवढ्या मवाळ आवाजात ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते.

दसऱ्याला ऊन होतं. घोडा असा झळकला की पोरं डोळ्यांवर हात धरून बघत होती. अण्णा फेटा बांधून, लगाम धरून पुढं. अर्धा मैल पार पडला. पोटाचे, मांड्यांचे, मानेचे पत्रे जागच्या जागी. कोपऱ्यावर ताशे वाजायला लागले आणि घोड्याच्या कपाळावरच्या पत्र्याचा डावा कोपरा उचलला गेला. मग तो पापड भाजताना वळतो तसा वळत वळत आला आणि अण्णांच्या पायाशी पडला.

ताशे थांबले. विठोजी गर्दीतून पुढं आला. त्याच्या एका खिशात हातोडी आणि दुसऱ्यात खिळे होते. मिरवणुकीला कुणी हातोडी घेऊन येतं का? मला आजही त्या हातोडीचा राग येतो.

अण्णांनी पत्रा उचलून उलटा केला. मागच्या बाजूला, ऐन मधोमध, लालभडक अंगठा उमटला होता. कुंकवाचा नव्हे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं, आणि त्या दुसऱ्या डब्यातलं औषध हळदीला चुन्यासारखंच लागलं होतं. कुणीतरी धुतलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तुपात कालवलेल्या हळदीचा अंगठा लावून तो पुसून टाकला होता. पुसल्यावर तो कुणाला दिसला नसता. चिकानं तो दाखवला. अंगठ्याच्या मधोमध आडवा व्रण होता.

आळीत असा अंगठा एकच होता. कुठल्याशा धाडीत ताडीचा माठ फोडताना तो कापला होता आणि ती हकिकत आम्ही सगळ्यांनी निदान वीस वेळा ऐकली होती.

अण्णांनी लगाम सोडला. ते सरळ रघुजीरावांकडं गेले, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा अंगठा पत्र्यावर दाबला.

"बघा रे! बघा! मिळतोय!"

"सोडा हात! नातवाची मॅट्रिकची परीक्षा आहे," रघुजीरावांच्या तोंडून निघून गेलं. "एकच बोट लावलं. आतून. कुणाला दिसणार होतं?"

"नातवाला अभ्यास करायला सांगा! माझ्या घोड्याला कशाला तूप लावता? तीन पिढ्यांचा लगाम माझा, आणि तुम्ही त्यावर अंगठा ठेवलात!" अण्णांचा आवाज फाटला होता. त्यांनी मनगट सोडलं नाही. रघुजीरावांची टोपी पडली. देवी पाठीवर घेऊन घोडा उन्हात उभा, आणि विठोजी त्याच्या कपाळावर हातोडी मारत होता. ठक, ठक, ठक, ठक.

आठ दिवसांनी कमिटीची सभा भरली. मी वही घेऊन गेलो. छत्तीस तुकड्यांची नोंद वाचून दाखवावी, घोड्यावर चिकटवलेल्या त्रेपन्न पत्र्यांपैकी बावन्न जागेवर आहेत हे सांगावं, असं माझ्या मनात होतं. मी आळीबाहेरचा म्हणून मला बोलू दिलं नाही. पत्रा का सुटला हे कुणी विचारलं नाही. सुटला एवढं पुरे होतं. शिवाय अण्णांनी देवीसमोर अध्यक्षांचा हात धरला होता. ज्या बायकांनी नळाशी बसून पत्रे घासले होते त्यांच्या नवऱ्यांनीच लगाम विठोजीला द्यायला हात वर केले.

मी दुकानी गेलो. अण्णा कुणाची तरी पाटी घासत होते.

"मीच चुकलो, आचार्रे," ते म्हणाले. "पाणी ओतायला हवं होतं. जन्मात एकदा भक्ती केली." मग त्यांनी ती पाटी उलटी केली आणि समोरच्या गिऱ्हाइकावर डरकाळी फोडली, पण कावळे जागचे हलले नाहीत.

पुढची सहा वर्षं लगाम विठोजीनं धरला. रघुजीरावांचा नातू गणितात नापास झाला. अण्णा अडुसष्टच्या मार्चमध्ये मधुमेहानं वारले. घोड्याच्या कपाळावर चार खिळे आहेत, त्यांतले दोन गंजले आहेत. बाकीचे बावन्न पत्रे शाबूत आहेत.